वडिलोपार्जित : जमीन, पुरावा आणि पूर्वजांचा अधिकार

१

'वडिलोपार्जित' हा शब्द मराठीत इतका रुळलेला आहे की त्याच्या घडणीकडे सहसा लक्ष जात नाही. वडिलांनी जे उपार्जित केले, म्हणजे कमावले, संपादन केले, ते वडिलोपार्जित. जमिनीशी असलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नात्याचा उच्चार या शब्दाने करताना दोन गृहीतके नकळत स्वीकारली जातात. जमीन ही संपादन करण्याची वस्तू आहे, हे पहिले. संपादन करणारा कोणी एक 'वडील' असतो आणि त्याच्यापासून आजच्या दावेदारापर्यंतची परंपरा नावानिशी सांगता येते, हे दुसरे. ज्या समाजाचा जमिनीशी असलेला संबंध संपादनाच्या भाषेत मावत नाही, किंवा ज्याच्या वडिलांची नावे कोणत्याही दप्तरात उतरलेली नाहीत, त्याच्या दाव्यासाठी हा शब्द अपुरा पडतो. मग तो दावा नैतिकदृष्ट्या कोणत्या आधारावर उभा राहतो?

हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही. दावा म्हणजे अखेर एक कथन असते. अमुक माणसे अमुक ठिकाणी राहिली, त्यांनी अमुक केले, म्हणून ही भूमी त्यांची, असा त्याचा आकृतिबंध असतो. कोणते कथन पुरावा म्हणून ग्राह्य धरायचे आणि कोणते नुसती गोष्ट म्हणून बाजूला सारायचे, हा निर्णय ज्याच्या हाती असतो त्याच्या हाती जमिनीचाही निर्णय असतो. साहित्यप्रकारांची चर्चा करणाऱ्यांनी या निर्णयाकडे परके म्हणून पाहण्याचे कारण नाही. मराठीत समीक्षेच्या संहितेला आणि महसुलाच्या संहितेला एकच शब्द आहे, आणि दोन्हींचा व्यवहार अर्थ लावण्याचा आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास मावळाइतका बोलका प्रदेश दुसरा क्वचितच सापडेल. लोणावळ्यापासून मुळशीपर्यंतच्या या डोंगरपट्ट्यात जमिनीवरील दाव्यांची दोन हजार वर्षांची लिखित साक्ष उपलब्ध आहे. धरणाविरुद्धचा जगातील आरंभीचा संघटित लढा येथे झाला. आणि येथेच कातकरी समाज असा राहत आला की त्याच्या राहण्याची नोंद त्याच्या नावाने झालीच नाही.

२

कार्ल्याच्या लेण्यांतील शिलालेख हे मावळातील जमिनीविषयीचे सर्वांत जुने उपलब्ध दस्तऐवज म्हणता येतील. नहपानाचा जावई उषवदात याने वळूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिल्याची नोंद त्यांत आहे. पुढे क्षत्रपांचा अंमल जाऊन सातवाहनांचा आला, तेव्हा सातवाहन राजाने मामाड (काही वाचनांत मामाल) येथील अमात्यास आज्ञा करून त्याच गावाचे दान नव्याने दिले. राजपुरुषांनी तेथे प्रवेश करू नये, मिठासाठी जमीन खणू नये, असे परिहारही त्याला जोडले. मामाल म्हणजेच आजचे मावळ, असे अभ्यासक मानतात.

या लेखांचे वाङ्मयीन वैशिष्ट्य असे की त्यांत दाता आहे, प्रतिग्रहीता आहे, अधिकारी आहे. मात्र गावात राहणारा माणूस वाक्याचा कर्ता म्हणून कोठेच येत नाही. गाव दिले जाते, घेतले जाते, पुन्हा दिले जाते. सत्ता पालटली तरी वाक्यरचना पालटत नाही. जमिनीच्या लेखनाचा आरंभच असा झाला की जमीन ही देण्याची वस्तू ठरली आणि तिच्यावर राहणारे त्या वस्तूचे गुणधर्म ठरले.

मध्ययुगात चित्र बदलले, पण ते सर्वांसाठी बदलले नाही. अरबीतील 'वतन' म्हणजे जन्मभूमी, मायभूमी. मराठीत येताना या शब्दाने अर्थ पालटला आणि तो वंशपरंपरागत अधिकाराचा, उत्पन्नाचा आणि मानपानाचा वाचक झाला. 'मिरास' म्हणजे वारसा. ज्याच्याकडे तो आहे तो मिरासदार किंवा थळकरी, आणि ज्याच्याकडे नाही तो उपरी. उपरी कदाचित दोन-चार पिढ्या तीच जमीन कसत असेल, तरी त्याचे कसणे वारसा निर्माण करीत नसे. 'उपरा' या शब्दाला मराठीत आलेला परकेपणाचा आणि अवमानाचा अर्थ या व्यवस्थेशी सुसंगतच आहे. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले, तेव्हा जमिनीच्या दप्तरातून बाहेर राहिलेल्यांचा सारा इतिहास त्या एका शब्दात आला.

वतनाचा तंटा उद्भवला की गोतसभा बसे, साक्षी होत, आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. या प्रक्रियेत 'करीना' या लेखनप्रकाराला विशेष महत्त्व होते. करीना म्हणजे घराण्याने सांगितलेली आपल्या हक्काची हकीकत. मूळ पुरुष कोण, तो येथे कसा आला, कोणती संकटे सोसली, कोणी रक्त सांडले, वतन कधी हिरावले गेले आणि कसे परत मिळाले, हे सारे त्यात येई. इतिहास-संशोधकांनी करीन्यांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले. त्यांतील अतिशयोक्ती, कालविपर्यास आणि घराण्याचा अभिमान गाळून 'खरे' तेवढे वेचले. तथापि करीन्याचे मोल त्याच्या प्रकारातच आहे. येथे कथन हाच पुरावा असे. पूर्वजांची गोष्ट सांगता येणे हाच हक्क सिद्ध करण्याचा एक मार्ग होता, आणि ऐकणाऱ्या सभेला ती गोष्ट पारखण्याचे नियम ठाऊक होते.

अर्थात करीना सांगण्याचा अधिकार वतनदारांचा. ज्याला वतन नाही त्याला सभेत उभे राहून पूर्वज सांगण्याचे प्रयोजनच नव्हते. म्हणजे या भूमीतील न्यायपरंपरेने कथनाला पुराव्याचा दर्जा दिला, पण सांगणाऱ्यांची निवड आधीच करून टाकली. पुढील विवेचनाचे सूत्र येथे आहे. जमीन काढून घेण्याच्या अन्यायाआधी आणखी एक अन्याय झालेला असतो: कोणाला पूर्वज असू शकतात हे ठरवण्याचा.

३

जेधे घराण्याच्या करीन्यातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी कान्होजी जेधे यांनी शिवाजीमहाराजांसमोर वतनावर पाणी सोडले. 'पाणी सोडणे' ही दानविधीतील क्रिया. उदक सोडून दाता वस्तूवरील आपली सत्ता आपण होऊन संपवतो. या क्रियेला कर्ता लागतो, त्याची इच्छा लागते, आणि ज्याच्यासाठी सोडायचे तो हेतू त्याला मान्य असावा लागतो.

मुळशी पेट्यात विसाव्या शतकात जे घडले त्याला हाच वाक्प्रचार लावला तर त्याची नैतिक घडण स्पष्ट होते. जमिनींवर पाणी सोडले गेले, पण ते जमीनधारकांनी सोडले नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटा कंपन्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी अडवून कोकणाकडे उतरवण्याची योजना आखली होती. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तलावांच्या पाण्यावर १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. आंध्रा नदीवरील ठोकरवाडीच्या पाण्यावर १९२२ साली भिवपुरीचे सुरू झाले. निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळील मुळशीचे धरण हा या मालिकेतील पुढचा टप्पा होता. त्यात सुमारे पन्नास गावांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रहाला आरंभ झाला. पांडुरंग महादेव बापट यांना या लढ्यात 'सेनापती' ही उपाधी मिळाली. विनायकराव भुस्कुटे यांनी लढा संघटित केला आणि त्याचा वृत्तान्तही लिहिला. १९२४ च्या डिसेंबरात आगगाडी अडवल्याच्या कृत्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा संपला आणि धरण पुरे झाले.

सरकारच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता. या कायद्याच्या २३ व्या कलमात एक लक्षणीय तरतूद होती. बाजारभावाने ठरलेल्या किमतीवर, संपादन सक्तीचे आहे या कारणास्तव, शेकडा १५ जादा रक्कम द्यावी. कायद्याने येथे काहीतरी कबूल केले आहे. विकणाऱ्याची इच्छा नव्हती आणि इच्छेविरुद्ध घेण्यात किमतीत न मावणारी हानी आहे, हे त्याला दिसले. मात्र दिसताक्षणीच त्याने त्या हानीचीही किंमत बांधली. जे किमतीत मावत नाही त्याची किंमत शेकडा १५, असा हा विलक्षण हिशेब होता. १९८४ च्या दुरुस्तीने ती शेकडा ३० झाली आणि २०१३ च्या नव्या कायद्याने शेकडा १००. रक्कम वाढली, तरी तर्क तोच राहिला.

सत्याग्रहींची घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. या तीन शब्दांत मोबदल्याच्या तर्काला दिलेले उत्तर आहे. जान आणि जमीन यांच्यामध्ये 'किंवा' ठेवून ही घोषणा जमिनीला विनिमयाच्या वर्गातून उचलते आणि ज्या वस्तूंचा विनिमय होऊच शकत नाही अशांच्या वर्गात नेऊन ठेवते. जिवाचा बाजारभाव विचारणे जसे असभ्य, तसेच या जमिनीचा विचारणे असभ्य, असे तिचे म्हणणे होते. मोबदला अपुरा आहे, ही तक्रार निराळी. मोबदला हा प्रकारच येथे लागू होत नाही, हा आक्षेप निराळा. मुळशीचा आक्षेप दुसऱ्या प्रकारचा होता, म्हणूनच तो तडजोडीत बसेना.

पण या लढ्यात एक भेगही होती. राजेंद्र व्होरा यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात ती सविस्तर दाखवली आहे. मुळशीतील अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्या नावावर गेलेल्या होत्या, आणि सावकारांपैकी पुष्कळांना मोबदला हवा होता. कागदावरचा मालक विकायला राजी, आणि जमिनीवरचा माणूस प्राण द्यायला तयार, अशी ही अवस्था होती. 'वडिलोपार्जित' या शब्दाचे दोन भाग येथे सुटे होतात. उपार्जन सावकाराचे होते, वडील मावळ्याचे होते. कायद्याने उपार्जनाला मान दिला.

आणखी एक गोष्ट सूक्ष्मपणे ध्यानात घ्यावी लागते. मुळशीच्या शेतकऱ्याचे दुःख महाराष्ट्राच्या मध्यमवर्गापर्यंत पोचले ते तो 'मावळा' होता म्हणून. शिवाजीच्या सैनिकांच्या वंशजांवर ही पाळी यावी, हा त्या आवाहनाचा भावनिक गाभा होता. इतिहासाने गौरवलेले पूर्वज हाताशी असल्यामुळे कागद नसला तरी त्याच्याजवळ करीना होता. गो. नी. दांडेकरांच्या 'पवनाकाठचा धोंडी'मध्येही मावळचा माणूस उभा राहतो तो गडाच्या सावलीत, वंशाने आलेल्या मानाचे ओझे वाहत. वाङ्मयात आणि राजकारणात मावळच्या माणसाला आवाज मिळाला तो या गडांच्या वाटेने. ज्या माणसाच्या पूर्वजांनी गड राखल्याचे कोणी लिहून ठेवले नाही, त्याला ही वाट मोकळी नव्हती.

४

तो माणूस कातकरी. काथोडी किंवा कातकरी हे नाव खैरापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून पडलेले. रायगड, ठाणे, पालघर, पुणे या जिल्ह्यांत विखुरलेला हा समाज केंद्र शासनाच्या वर्गवारीत अतिअसुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. मावळ आणि मुळशीतील डोंगरउतारांवर, नदीकाठांवर, गावाच्या शिवेबाहेर त्यांच्या वाड्या आहेत.

१८७८ च्या वनकायद्याने जंगल राखीव झाले आणि खैर हे सरकारी मोलाचे झाड ठरले. त्या कायद्यामागील विचारात 'हक्क' आणि 'सवलत' यांतील भेद निर्णायक होता. जे लोक जंगलातून लाकूड, कंद, मध, पाला घेत आले, त्यांचे घेणे कितीही जुने असले तरी ती राज्याने चालू दिलेली सवलत. लेखी मान्यता असेल तरच तो हक्क. या भेदाने कातकऱ्याचा पूर्वापार व्यवसाय एका फटक्यात परवानगीचा विषय झाला, आणि परवानगी नसताना केला तर गुन्ह्याचा. पुढे कातकरी कोळशाच्या भट्टीवर गेला, मग वीटभट्टीवर. वर्षातील सात-आठ महिने घर बंद करून भट्टीवर राहायचे, पावसाच्या तोंडाशी वाडीवर परतायचे, असे त्याच्या जगण्याचे चक्र झाले. वहिवाट सिद्ध करण्यास सलग वास्तव्य लागते, आणि पोटासाठी ते सलग ठेवता येत नाही.

वाडीखालची जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर सातबाऱ्यात असते, आणि ते बहुधा कातकऱ्याचे नाव नसते. कोणा जमीनदाराने मजुरीसाठी कुळे हाताशी असावीत म्हणून बसवलेली वाडी, गायरानात वसलेली वाडी, वनखात्याच्या हद्दीतील वाडी, असे तिचे प्रकार. सातबारा हा महाराष्ट्राच्या ग्रामजीवनातील सर्वांत जास्त वाचला जाणारा दस्तऐवज आहे, आणि कोणत्याही संहितेप्रमाणे तोही काही गोष्टी सांगतो आणि काही गाळतो. जमीन पिकाखाली नसेल तर तो 'पड' लिहितो. खडक, ओढा, उतार यांना तो 'पोटखराबा' म्हणतो. वरकस उताराला नाचणी-वरीच्या हंगामानंतर विसावा देणे ही शेतीची रीत आहे. सातबाऱ्याच्या भाषेत तिला शब्द नाही. खेकडे, मासे, कंद आणि भाज्या ज्या ओढ्याकाठी मिळतात, तो ओढाकाठ सातबाऱ्यासाठी खराबा असतो. एका समाजाचा सारा निर्वाह दुसऱ्याच्या नोंदवहीत 'खराब' या सदरात जमा आहे.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी हा दोष काही अंशी ओळखला. १९४८ च्या कुळकायद्याने कसणाऱ्याला मालकीची वाट दिली. मात्र त्यासाठी कूळ म्हणून नोंद लागे. आदिवासींच्या जमिनी परत मिळवून देण्यासाठी १९७४ साली महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. तोही अशांसाठी, ज्यांची जमीन एकेकाळी त्यांच्या नावावर होती. जी कधी नावावर नव्हती ती परत कशी करायची? राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचे संरक्षण पुणे जिल्ह्यात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील काही गावांना आहे. मावळ आणि मुळशीला नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना १९९६ च्या कायद्याने दिलेले अधिकार येथपर्यंत पोचत नाहीत. ज्याच्याजवळ आधीच थोडे आहे त्यालाच प्रत्येक दुरुस्ती पोचते, असा या कायद्यांचा अनुभव आहे.

दरम्यान लोणावळ्याच्या जमिनीचे मोल पालटले. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली, बंगले आले. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि डोंगरउतार विरंगुळ्याच्या घरांसाठी मागितले जाऊ लागले. जी जमीन कोणालाच नको होती म्हणून कातकऱ्याला तिच्यावर राहू दिले, ती आता सर्वांना हवी झाली. पूर्वीचे 'राहू देणे' हे औदार्य नव्हते, उपेक्षा होती. आणि उपेक्षेतून मिळालेला निवारा मोल चढताच जातो.

५

पाश्चात्त्य राजकीय तत्त्वज्ञानात मालकीचा सर्वाधिक प्रभावी युक्तिवाद जॉन लॉकचा आहे. मनुष्य आपले श्रम भूमीत मिसळतो आणि त्यामुळे ती भूमी त्याची होते. हा युक्तिवाद आणि 'उपार्जित' हा शब्द एकमेकांचे सोयरे आहेत. लॉकला अमेरिकेतील मूळ रहिवाशांची भूमी ओसाड वाटली, कारण त्यांचे श्रम त्याला श्रम वाटले नाहीत. नांगर आणि कुंपण ही त्याच्या दृष्टीने श्रमाची लिपी होती. कंद कोठे लागतो, मासा कोणत्या पाण्यात कधी चढतो, कोणत्या खैरात कात उतरेल हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या राखणे हेही भूमीत श्रम मिसळणेच आहे. फक्त ते श्रम भूमीवर ओरखडा उमटवत नाहीत. भूमीला कमी इजा केली, एवढ्यावरून दावा दुबळा ठरावा, हे विपरीत आहे.

रॉबर्ट नोझिकने १९७४ साली मांडलेल्या उपपत्तीत न्याय्य संपादन आणि न्याय्य हस्तांतर यांच्या जोडीला तिसरे तत्त्व आहे, ते अन्यायाच्या परिमार्जनाचे. मूळचे संपादन अन्याय्य असेल तर नंतरची सारी खरेदीखते डागाळतात. हे तत्त्व मान्य केले तर लोणावळ्यातील किती फेरफार टिकतील, हा अस्वस्थ करणारा प्रश्न आहे. जेरेमी वॉल्ड्रनने १९९२ साली या अडचणीतून वाट काढण्याचा प्रयत्न केला. काळाच्या ओघात परिस्थिती पालटते, नवी माणसे त्या भूमीवर विसंबतात, वंचितांचे जीवन दुसरीकडे रुजते. म्हणून ऐतिहासिक अन्याय कालांतराने निष्प्रभ होऊ शकतो, असे त्याचे म्हणणे. मुळशीची दरी रिकामी करून गावे पुन्हा वसवता येणार नाहीत, हे कोणीही मान्य करील. त्या मर्यादेत वॉल्ड्रनचा युक्तिवाद गंभीरपणे घ्यायला हवा.

मात्र त्याला एक अट आहे. अन्याय मागे पडलेला असला पाहिजे, आणि ज्यांच्यावर तो झाला त्यांचे जगणे त्या भूमीपासून सुटून अन्यत्र उभे राहिलेले असले पाहिजे. कातकऱ्याच्या बाबतीत दोन्ही नाही. भट्टीवरून तो दरवर्षी त्याच वाडीवर परततो. वाडीखालची जमीन विकली जाते तेव्हा घडणारा अन्याय १८७८ चा नसतो, त्या दिवसाचा असतो. शिवाय पालटलेली परिस्थिती आपोआप पालटलेली नाही. पालटवणारा आणि पालटलेल्या परिस्थितीचा आधार घेऊन दावा कालबाह्य ठरवणारा एकच असेल, तर काळाची साक्ष निःपक्ष राहत नाही.

६

जाँ-फ्राँस्वा ल्योतारने १९८३ च्या आपल्या ग्रंथात वाद आणि 'दिफेराँ' असा भेद केला. वादात दोन्ही पक्षांना एकाच भाषेत मांडता येते आणि निर्णय होऊ शकतो. दिफेराँमध्ये एका पक्षाची हानी न्यायासनाच्या भाषेत मांडताच येत नाही, आणि मांडता येत नाही म्हणून ती झालीच नाही असे ठरते. सातबाऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या कातकऱ्याची अवस्था नेमकी ही आहे. 'तुझा कागद कुठे?' या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नाही असे नव्हे. त्याच्याजवळचे उत्तर हे उत्तर म्हणून ओळखले जात नाही.

कॅनडातील एका खटल्याने या कोंडीचे स्वरूप जगापुढे आणले. ब्रिटिश कोलंबियातील गिटक्सान आणि वेट्सुवेटेन लोकांनी आपल्या भूमीवरील हक्काचा पुरावा म्हणून घराण्यांच्या मौखिक कथा आणि गाणी न्यायालयापुढे ठेवली. एका वृद्धेने साक्षीत गाणे म्हणण्याचे ठरवले, तेव्हा न्यायालय हे गाण्याचे ठिकाण नव्हे अशी न्यायाधीशांची भूमिका होती. १९९१ च्या निकालात या साक्षींना फारसे वजन मिळाले नाही. १९९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला आणि मौखिक इतिहासाला लेखी दस्तऐवजांच्या बरोबरीचे स्थान द्यावे असे बजावले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. करीन्याच्या परंपरेत कथन पुरावा होतेच. कॅनडाच्या न्यायालयाला जे शिकावे लागले ते येथील गोतसभेला ठाऊक होते. तिला ठाऊक नव्हते ते एवढेच की उपऱ्यालाही करीना असू शकतो.

भारतीय संसदेने २००६ साली केलेल्या वनहक्क कायद्याने प्रस्तावनेतच 'ऐतिहासिक अन्याय' हा शब्द वापरला. २००८ च्या नियमांतील तेरावा नियम पुराव्यांची यादी देतो. त्यात सरकारी कागद आहेत. त्यांच्याच पंक्तीला घरे, विहिरी, दफनभूमी आणि देवस्थाने अशा भौतिक खुणा आहेत, वंशावळ आहे, आणि दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे कथनही आहे. कायद्याने पहिल्यांदा कातकऱ्याला करीना सांगण्यास बोलावले. अतिअसुरक्षित गटांसाठी तर अधिवासाच्या सामूहिक हक्काची तरतूद आहे. ही कल्पना मालकीच्या चौकोनी तुकड्यापलीकडे जाऊन फिरण्याच्या, गोळा करण्याच्या, देव पुजण्याच्या साऱ्या परिसराला स्पर्श करते.

तरीही नियमाची शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. वृद्धांचे कथन चालेल, पण ते लेखी उतरवलेले हवे. उतरवणारा दुसरा असतो. वाडीवरची म्हातारी आपल्या बोलीत जे सांगते ते लेखनिकाच्या प्रमाण मराठीत येताना 'सदर जमीन पूर्वापार आमच्या वहिवाटीत आहे' असे वाक्य होते. त्या एका वाक्यात तिच्या सासऱ्याला पुरलेली जागा, दुष्काळात तगवून धरलेला कंद, वाघ्या देवाचा दगड, हे सारे दबून जाते. ही शब्दरचना कार्यालयास ओळखीची असल्याने दावा मान्य होण्याची शक्यता वाढते. आणि तीच सर्व दाव्यांत सारखी दिसते म्हणून तो साचेबंद, संशयास्पद ठरण्याची शक्यताही वाढते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्यांच्या धारकांना हटवण्याचा आदेश दिला आणि पंधरा दिवसांत, २८ फेब्रुवारीस, त्याला स्थगिती दिली. दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले गेले, हा त्या स्थगितीमागील प्रश्न होता. म्हणजे वाचनाची पद्धत तपासल्याशिवाय निष्कर्षावर विसंबता येत नाही, हे समीक्षेतील प्राथमिक तत्त्व तेथे जीवनमरणाचे झाले.

७

येथे एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे. पूर्वजांच्या आधारे हक्क सांगू दिला तर 'आधी कोण' या अंतहीन वादात समाज अडकेल. मावळा म्हणेल आम्ही आधी, कातकरी म्हणेल आम्ही, आणि भूमिपुत्रांच्या नावाने परक्यांना हुसकावणारे राजकारण याच तर्कावर जगेल. मूळ रहिवाशांच्या हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रसंघाने २००७ साली संमत केला, तेव्हा भारताने अनुकूल मत देताना सारी भारतीय जनताच मूळची, अशी भूमिका घेतली. मराठी समीक्षेतील देशीवादाच्या चर्चेतही 'देशी' कोण आणि ते कोणी ठरवायचे हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला आहे.

हा आक्षेप प्राथम्याच्या दाव्याला लागू पडतो. पूर्वजांच्या दाव्याला तो लागू पडेलच असे नाही. कातकऱ्याच्या दाव्याचा गाभा तो पहिला होता हा नाही. त्याचे जगणे आणि मरणे या भूमीशी बांधलेले असूनही त्याला तिच्यावर बोलण्याचा अधिकार नाकारला गेला, हा आहे. प्राथम्य दुसऱ्याला वगळते. साक्षीचा अधिकार वगळत नाही. उलट एकाची साक्ष ऐकणाऱ्या सभेला दुसऱ्याचीही ऐकावी लागते. 'आधी कोण' याऐवजी 'कोणाला कधी विचारलेच गेले नाही' हा प्रश्न ठेवला तर पूर्वजांचा आधार द्वेषाचे साधन न होता न्यायाचे साधन होऊ शकतो.

याची खरी कसोटी मावळ्यापुढे आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. 'जान किंवा जमीन' ही घोषणा नव्वद वर्षांनी त्याच डोंगरांच्या पायथ्याशी पुन्हा अक्षरशः खरी झाली. ९ ऑगस्ट हा क्रांतिदिन, आणि संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ साली घोषित केलेला जागतिक आदिवासी दिनही. हा योगायोग असला तरी त्यातून निघणारा प्रश्न योगायोगाचा नाही. शहराला पाणी आणि वीज हवी म्हणून ज्याच्या पूर्वजांची जमीन गेली, त्याच मावळ्याच्या सातबाऱ्यावरील एखाद्या तुकड्यावर आज कातकऱ्याची वाडी उभी असू शकते, आणि बंगल्यासाठी तो तुकडा विकण्याचा मोह त्याला होऊ शकतो. मुळशीत सावकाराच्या कागदासमोर तो ज्या जागी उभा होता, त्या जागी आता कातकरी आहे, आणि कागद त्याच्या हाती आहे.

मुळशीचा आक्षेप जर खरा असेल, जमिनीशी असलेले पूर्वजांचे नाते किमतीत मावत नाही आणि कागदावरचा मालक हा त्या नात्याचा अंतिम निवाडा करणारा नव्हे, हे जर तत्त्व असेल, तर ते मावळ्यापुरते थांबू शकत नाही. तत्त्व आपल्या बाजूने असेपर्यंत मानायचे आणि विरुद्ध गेले की सातबारा काढायचा, असे केल्यास 'जान किंवा जमीन' ही नैतिक घोषणा उरत नाही. ती एका वर्गाच्या हितसंबंधाची जाहिरात ठरते. व्यवहारात याचा अर्थ फार मोठा नाही. वाडीखालची जमीन गावठाणात घेण्याचा ठराव, त्यासाठी महसूल संहितेने जिल्हाधिकाऱ्यास दिलेल्या अधिकाराचा आग्रह, वनहक्क समितीत कातकरी वृद्धांच्या साक्षीला गावाने दिलेला दुजोरा, एवढ्यापासून आरंभ होऊ शकतो. गोतसभा पूर्वी वतनदारासाठी हेच करीत असे. शेजारी उभा राहून 'हे खरे सांगतात' एवढे म्हणे.

कार्ल्याच्या शिलालेखांत गावाचा माणूस वाक्याचा कर्ता नव्हता. सातबाऱ्यात कातकरी अजूनही नाही. त्याला कर्तेपण देणे हे केवळ शासनाचे काम नव्हे. ज्यांना आपला करीना सांगता आला आणि ज्यांचा तो ऐकला गेला, त्या सर्वांवर ते ऋण आहे.